गोष्ट थोडी, विचार फार

कोणी वावरात निंदण करता करता ऐकत असेल, कोणी भाकरी थापता थापता, तर कोणी गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून. हात थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

या कार्यक्रमात आम्ही आजवर बचत, कर्जाची परतफेड, सोयाबीनचं बियाणं, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल अशा विषयांवर बोललो. आज पुस्तकांवर बोलणार आहोत. आमच्या काही गटांत दोन वर्षांपासून एक पद्धत पडली आहे. बैठक झाली, बचत जमा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, की शेवटचा अर्धा तास गोष्टीचा. एकजण पुस्तक वाचून येते आणि आपल्या भाषेत सांगते. बाकीच्या ऐकतात, मधेच अडवतात, वाद घालतात.

या अर्ध्या तासात आम्ही पुष्कळ प्रकारच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या एका प्रकारावरून मात्र दर वेळी गोंधळ होतो. या गोष्टींत एक जग असतं, आपल्यासारखंच, पण कुठंतरी बिघडलेलं. कधीतरी कोणीतरी एक नियम करून ठेवलेला असतो आणि सगळे तो मुकाट पाळत असतात. इंग्रजीत अशा लिखाणाला डिस्टोपिया म्हणतात. आपण त्याला 'बिघडलेल्या जगाची गोष्ट' म्हणू. यातल्या काही पुस्तकांत फारसं काही घडतही नाही. लग्न नाही, भाऊबंदकी नाही, शेवटी कोण जिंकलं तेही नाही. माणसं अर्धीमुर्धी काढलेली, कोणाला धड नावही नाही. लेखकाला एक विचार मांडायचा असतो आणि गोष्ट नुसती त्याच्या सोबतीला आलेली असते.

अशी गोष्ट आम्ही पहिल्यांदा सांगितली तेव्हा एक वयस्कर काकू म्हणाल्या, "याले काय गोठ म्हनतेत वं बाई? ना नवरा ना नवरी, ना घर ना वावर." दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, "आपल्या इथंच का कमी बिघडलेलं हाय? आनखी दुसरं बिघडलेलं जग कायले पाहाचं?" दोघींचंही म्हणणं बरोबर होतं. तरीही आम्हाला या गोष्टी आवडतात आणि आता त्या काकूंनाही आवडू लागल्या आहेत. असं का, तेच आज सांगायचं आहे.

आधी काकूंचं म्हणणं घेऊ. नावं नसलेल्या माणसांची, फारसं काही न घडणारी गोष्ट आपल्याला खरंच नवी आहे का? आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. गोविंदप्रभू तिथले. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी लोकांना आपलं म्हणणं समजावून सांगताना लहान लहान दृष्टान्त देत. पुढे केसोबासांनी त्यातले ११४ दृष्टान्त एकत्र केले. तो ग्रंथ म्हणजे दृष्टान्तपाठ. त्यात आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टान्त आहे. जन्मापासून आंधळी असलेली माणसं हत्तीला हात लावून पाहतात. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, तेवढाच त्याचा हत्ती.

आता सांगा, त्या आंधळ्यांची नावं काय? गाव कोणतं? त्यांच्या घरी कोण कोण होतं? पुढे त्या हत्तीचं काय झालं? यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही आणि सातशे वर्षांत कोणाला त्याचं अडलंही नाही. कारण गोष्ट त्या आंधळ्यांची नाहीच. ती आपल्या पाहण्याची आहे. त्यांना नाव-गाव दिलं असतं तर आपण म्हटलं असतं, "तो अमक्या गावचा तमका, तो तसाच होता." नाव नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की हे आपल्याबद्दल आहे.

आपल्या व्रताच्या कहाण्याही अशाच. आटपाट नगरातल्या राजाला नाव नसतं. त्याची एक राणी आवडती असते, एक नावडती. ती का नावडती, याचा तपास कोणी करत नाही. आपल्या आज्या श्रावणात पाटावर बसून हे सगळं ऐकत आल्या. म्हणजे थोडक्या गोष्टीतून मोठं काही समजून घ्यायची सवय आपल्या घरात जुनीच आहे. ती पुस्तकापर्यंत न्यायची, एवढंच राहिलं होतं.

आता हेही सांगितलं पाहिजे की माणसं भरभरून उभी करणारी पुस्तकं आम्हाला कमी आवडतात असं नाही. उद्धव शेळके आपल्याच अमरावतीचे. त्यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली माणसं आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलतात. त्यातली कौतिक एकदा भेटली की विसरता येत नाही. संसार ओढता ओढता ती कशी थकते, पुन्हा कशी उठते, पोरांसाठी कसा जीव काढते, हे वाचताना शेजारच्या घरात डोकावल्यासारखं होतं. आमच्या गटात 'धग' सांगून झाली तेव्हा बराच वेळ कोणी उठलं नाही. प्रत्येकीला आपल्या ओळखीची एखादी कौतिक आठवत होती.

कौतिकची गोष्ट ऐकली की आपण विचारतो, "बिचारीचं पुढं काय झालं?" बिघडलेल्या जगाची गोष्ट ऐकली की तोंडून दुसराच प्रश्न येतो, "असा कसा नियम? आणि हा नियम केला कोणी?" दोन्ही प्रश्न लागतात. पण पहिला प्रश्न आपण रोजच विचारतो. दुसऱ्याची मात्र आपल्याला सवय नाही.

आता प्रत्यक्ष दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ई. एम. फॉर्स्टर नावाच्या इंग्रज लेखकाची. हा माणूस पुढे १९२१ साली देवासला, म्हणजे माळव्यातल्या एका मराठा संस्थानात, महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता. त्याच्या आधीच, १९०९ साली, त्याने 'द मशीन स्टॉप्स' ही गोष्ट लिहिली. मशीन बंद पडतं, असा त्याचा अर्थ. त्या जगात माणसं जमिनीखाली राहतात. प्रत्येकाला एक खोली, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की अंथरूण, बटण दाबलं की गाणं. हातात एक तबकडी असते, तिच्यावर दूरच्या माणसाचा चेहरा दिसतो आणि त्याच्याशी बोलता येतं. कोणी कोणाला भेटत नाही, कोणी कोणाला हात लावत नाही. हात लावणं असभ्य समजतात.

लक्षात घ्या, हे १९०९ साली लिहिलेलं आहे. तेव्हा आपल्या खेड्यांत वीजही नव्हती.

त्या जगात व्हॅष्टी नावाची एक आई आहे. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो तबकडीवरून सांगतो, "आई, मला तू या मशीनमधून नको. समोर येऊन भेट." आईला हे विचित्र वाटतं. आपण तर बोलतोच आहोत, मग भेटायचं कशाला? शेवटी ती नाराजीनेच निघते. हवाई जहाजातून जाताना तिचा तोल जातो, तिथली सेविका तिला सावरायला हात पुढे करते, तर आई संतापते की मला हात लावलाच कसा. ती मुलाकडे पोचते. मुलगा सांगतो की तो परवानगी न घेता जमिनीवर जाऊन आला. आईला त्याची लाज वाटते. ती परत जाते. पुढे एक दिवस मशीन बिघडू लागतं. आधी गाण्यात खरखर येते, मग अंथरूण येईनासं होतं. लोक तक्रार करतात, मग सवय करून घेतात. शेवटी सगळंच बंद पडतं. मशीनशिवाय जगता येत नाही, म्हणून सगळे मरतात. मरताना मात्र आई आणि मुलगा एकमेकांजवळ असतात.

एवढीच गोष्ट. आई कशी दिसते, मुलाचं लहानपण कसं होतं, बाप कुठं गेला, याचं वर्णन लेखक करत बसत नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसारखी ती दोघं आहेत. लाकडी नंदी नांगर ओढत नाही, म्हणून कोणी त्याला नावं ठेवत नाही. पोरं त्याला दोरी बांधून घरोघरी नेतात, तेवढं त्याचं काम.

गोष्ट संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "माह्या पोराचं अन् माहं असंच चालते. तो पुन्याले हाय. रोज मोबाइलात दिसते, पन हाताले लागत नाही." मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. लेकरू दिसतं म्हणून बरं वाटतं, हेही खरं. दिसतं म्हणून यायचं लांबतं, हेही खरं. कोणी म्हणालं, मोबाइल नसता तर महिनोन्‌महिने आवाजही ऐकू आला नसता. कोणी म्हणालं, तक्रार करायची आणि मग सवय करून घ्यायची, ही तर आपलीच रीत आहे. नळाला चार दिवसांआड पाणी आलं की बोंब, आठ दिवसांआड आलं की आपण आणखी दोन ड्रम घेऊन ठेवतो. त्या अर्ध्या तासात व्हॅष्टीबद्दल कोणी चार वाक्यंही बोललं नाही. सगळं बोलणं आपल्याबद्दल झालं. तिची जागा मोकळी होती, म्हणून मावशी तिथे बसू शकल्या.

दुसरी गोष्ट जॅकलिन हार्पमन या बेल्जियमच्या लेखिकेची. तिने ती १९९५ साली फ्रेंचमध्ये लिहिली. इंग्रजीत तिचं नाव 'आय हू हॅव नेव्हर नोन मेन'. ज्या मुलीने पुरुष कधी जाणलेच नाहीत तिची गोष्ट, असा त्याचा अर्थ. लेखिकेचे वडील ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या कुटुंबाला घर सोडून मोरोक्कोत जावं लागलं होतं. पुढे ती माणसांच्या मनावर उपचार करणारी झाली.

गोष्टीत जमिनीखाली एक पिंजरा आहे. त्यात ३९ बायका आणि एक लहान मुलगी. बाहेर पहारेकरी पुरुष, हातात चाबूक, तोंडातून शब्द नाही. बायकांनी एकमेकींना हात लावायचा नाही, हा नियम. आपल्याला इथे कोणी आणलं, का आणलं, हे कोणालाच आठवत नाही. मुलीला नाव नाही. तिला बाहेरचं जगही ठाऊक नाही. दिवा कधी मंद होतो, कधी लखलखतो, पण दिवस कोणता आणि रात्र कोणती, ते कळायला मार्ग नाही. मग ती मुलगी आपल्या छातीचे ठोके मोजायला लागते. एक बाई तिला मदत करते. त्या मोजण्यातून त्यांना कळतं की इथला दिवस आपल्या दिवसाएवढा नाहीच. अंधारात पडलेल्या त्या बायकांच्या हाती आलेली ती पहिली खरी माहिती, आणि ती मिळाली हिशोबाने.

एक दिवस अचानक भोंगा वाजतो. पहारेकरी कुलपात किल्ली तशीच सोडून पळून जातात. बायका बाहेर येतात. बाहेर नुसतं ओसाड माळरान. त्या चालत राहतात. त्यांना आणखी पिंजरे सापडतात, काही बायकांचे, काही पुरुषांचे, पण तिथल्या किल्ल्या कुलपात राहिलेल्या नसतात. आतली सगळी माणसं मेलेली. वर्षं जातात. एकेक बाई म्हातारी होऊन जाते. शेवटी ती मुलगी एकटी उरते आणि आपली हकीकत कागदावर लिहून ठेवते. पिंजरा कोणी केला, भोंगा का वाजला, हे शेवटपर्यंत कळत नाही.

खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगताना मधला भाग लांबला. चालणं, पिंजरा, पुन्हा चालणं, पुन्हा पिंजरा. दोघीजणी पेंगल्या. उत्तर मिळालं नाही म्हणून काहीजणी चिडल्याही. "इतकं ऐकलं अन् शेवटी काहीच नाही?" पण एक वहिनी, ज्या एरवी सही करून गप्प बसतात, त्यांनी विचारलं, "आपल्याले इथं काहून ठेवलं, हे त्या बायाईनं कोनाले इचारलंच नाही का?"

कोणीतरी म्हणालं, विचारलं असेल, पण पहारेकरी बोलतच नव्हते. तेव्हा त्या वहिनी हळूच म्हणाल्या, "त्याईले पहारेकरी तरी होते. आमच्याभोवती तर कोनीच नाही. तरी आमी संक्रांतीले घरातच बसतो."

या वहिनींचे मालक काही वर्षांपूर्वी गेले. आपल्या भागात कर्ज आणि नापिकीपायी किती घरांतला माणूस गेला, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्या घरांतल्या बायका आपल्या गटात आहेत. बचत भरतात, कर्ज घेतात, वेळेवर फेडतात, हिशोबही लिहितात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं जात नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोवर प्रत्येकजण त्याला एक चेहरा देत होती. कोणाची जाऊ खवचट, कोणाची सासू जुन्या वळणाची, कोणती शेजारीण तोंडाळ. चेहरा एवढा मोठा दिसतो की त्याच्यामागचा नियम दिसतच नाही. जाऊ बदलली तर बोलावणं येईल, असं वाटत राहतं.

त्या गोष्टीतल्या पहारेकऱ्यांना चेहरा नव्हता. म्हणून राग कोणावर काढायचा ते कळेना, आणि शेवटी सगळ्यांची नजर नियमाकडे गेली. जिनिंगमध्ये कापूस घातला की रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे होते, तसंच हे. भरपूर माणसांच्या गोष्टीत माणूस आणि नियम एकमेकांत गुंतलेले असतात. थोडक्या माणसांच्या गोष्टीत ते वेगळे होऊन समोर येतात. अशा पुस्तकांत माणसं पातळ असतात, ती यासाठी. निदान चांगल्या पुस्तकांत तरी.

त्या दिवशी मग आम्ही हेरवाडची हकीकत सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. म्हणजे हा नियम आभाळातून पडलेला नाही. माणसांनी केलेला आहे आणि माणसांनी हात वर करून बदललेलाही आहे.

पुढच्या संक्रांतीला गटाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं गटातल्या सगळ्याजणींना गेलं. ज्या तिघींना आधी कधी गेलं नव्हतं, त्यांतल्या दोघी आल्या. तिसरी आली नाही, आणि तिला कोणी टोचलंही नाही. हे एका पुस्तकाने केलं असं आम्ही म्हणत नाही. ग्रामसंघात त्यावर आधी बोलणं झालं होतं, गावात थोडी कुरकुरही झाली, ती आताही आहे. पण तो प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो पिंजऱ्याच्या गोष्टीनंतर, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून त्या दुसऱ्या वहिनींना आमचं उत्तर असं. आपलं जग बिघडलेलं आहे, म्हणूनच दुसरं बिघडलेलं जग पाहायचं. स्वतःच्या पाठीवरचा तीळ स्वतःला दिसत नाही. दुसरीच्या पाठीवरचा दिसला, की हात आपोआप आपल्या पाठीकडे जातो.

आणि हे गटाच्या कामालाही लागू पडतं. एखादीचा हप्ता थकला की आपण तिच्या घरी जातो, अडचण विचारतो, सांभाळून घेतो. ती झाली कौतिकची गोष्ट आणि ते करायलाच पाहिजे. पण एकाच महिन्यात पाचजणींचा हप्ता थकला, तर प्रत्येकीच्या नवऱ्याला आणि नशिबाला बोल लावून चालत नाही. तेव्हा नियमाकडे पाहावं लागतं. सोयाबीन निघतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाचा पैसा त्याच्याही मागून येतो, आणि आपण मोठा हप्ता लावून ठेवला पोळ्याला. मग थकणार नाही तर काय? गटातल्या गटात दिलेल्या कर्जाचे हप्ते पिकाच्या पैशाकडे पाहून ठरवता येतात. तो नियम आपणच केला आहे, आपणच बदलू शकतो. नियमाकडे पाहायची ही नजर आम्हाला पुष्कळशी या गोष्टींनी दिली.

बिघडलेल्या जगाच्या गोष्टीची एक सख्खी बहीणही आहे. सुधारलेल्या जगाची गोष्ट. तिच्यातही माणसं थोडी आणि विचार फार. १९०५ साली बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात लिहिली. सुलतानाचं स्वप्न. या बाईंनी पुढे कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली. गोष्ट एवढीच की सुलतानाला खुर्चीवर डुलकी लागते आणि स्वप्नात ती अशा देशात फिरते जिथे पुरुष घरात पडद्यात बसतात आणि कारभार बायका करतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, चुलीचा धूर नाही. ढगातून हवं तेव्हा पाणी काढून घेतात. भांडण नाही, प्रेमकथा नाही. दोघी मैत्रिणी चालता चालता बोलतात आणि शेवटी सुलताना जागी होते. ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्याकडे हसून हसून पुरेवाट झाली. हसणं ओसरल्यावर एकजण म्हणाली, "पुरुषाईले कोंडलं तर आपल्याले अन्याय वाटते. मंग आपल्याले कोंडलं तवा रीत कशी?" आणखी एक म्हणाली की त्यांनाही कोंडू नये, नाहीतर पिंजरा तोच, फक्त आतली माणसं दुसरी. एवढ्या लहान गोष्टीतून इतकं निघालं.

आपल्या मराठीतही असा प्रयत्न झाला आहे. काशीबाई कानिटकर १८६१ सालच्या. मुलींनी पुस्तक हातात धरलं तरी लोक हसत, त्या काळात त्या वाचायला शिकल्या आणि लेखिका झाल्या. त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. एका संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती आला तर काय काय होईल, याची कल्पना त्यात आहे. ग्रामपंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या त्या कितीतरी नंतर. आधी कोणीतरी नुसती कल्पना केली होती.

आणि आपल्या रिद्धपूरची महदंबा विसरू नका. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिला मानतो, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे तिने रचले. पण महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत ती आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहते. ती प्रश्न फार विचारायची. चक्रधर स्वामींनाही विचारायची. म्हणजे बैठकीत बसून "हे असं का?" असं विचारणारी बाई वऱ्हाडात सातशे वर्षांपूर्वीच होऊन गेली. आपण काही नवीन करत नाही.

आता, विचाराचं प्रत्येक पुस्तक चांगलं असतं असंही समजू नका. काही पुस्तकांत गोष्टही नसते आणि विचारही एकच असतो, तो लेखक पानोपानी आपल्या कानात ओरडत राहतो. अशा पुस्तकात माणसं पातळ असतात, कारण लेखकाला माणसांची पर्वाच नसते. मग चांगलं कोणतं ते ओळखायचं कसं? आम्ही एक साधी खूण धरली आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्या हाती लेखकाचं उत्तर राहिलं, तर ते भाषण. आपला प्रश्न राहिला, तर ती गोष्ट. हार्पमनबाईंनी पिंजरा कोणी केला ते सांगितलं असतं, तर आम्ही ऐकून घरी गेलो असतो. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून आम्ही अजून बोलतो आहोत.

ज्यांना हे आवडत नाही त्यांनी जबरदस्तीने ऐकावं असंही नाही. दिवसभर सरी धरून वाकलेल्या बाईला रात्री हसायचं असेल, रडायचं असेल, तर तिने खुशाल मालिका पाहावी. आम्हीही पाहतो. फक्त एवढं पाहा, की पाचशे भाग झाले, किती भांडणं, किती कारस्थानं, किती दागिने. पण पहिल्या दिवशी सुनेने डोक्यावर पदर घेऊन चहा आणायचा नियम होता, तो पाचशेव्या भागातही तसाच आहे. घडलं पुष्कळ, बदललं काही नाही. आमच्या या गोष्टींत घडत काही नाही, पण ऐकणारी घरी जाताना थोडी बदललेली असते.

तुमच्या गटात अशी गोष्ट सांगायची असेल तर काही साध्या गोष्टी सांगतो. पुस्तक जाड असायची गरज नाही. एकीने वाचावं आणि अर्ध्या तासात आपल्या बोलीत सांगावं. परकी नावं जिभेवर येत नसतील तर सोडून द्या, आई आणि पोरगा म्हटलं तरी चालतं. मधे दोनदा थांबा आणि बाकीच्यांना बोलू द्या. नायक कोण, शेवट काय, याच्या मागे लागू नका. गोष्ट संपली की तीन प्रश्न विचारा. या जगातला नियम कोणता? तो पाळल्याने कोणाचं भलं होतं? आणि मोडला तर नेमकं काय होतं? मग चौथा प्रश्न कोणी विचारायची गरज पडत नाही, तो आपोआप येतो. आपल्याकडे असं काय आहे?

आणि एक सांभाळा. अशा वेळी एखादी आपलं घरातलं दुखणं बोलून जाते. ते बैठकीच्या बाहेर जाऊ देऊ नका. हिशोबाचं रजिस्टर जसं जपतो, तसंच ते जपायचं.

ज्या काकूंनी "याले काय गोठ म्हनतेत" असं विचारलं होतं, त्या परवा म्हणाल्या की पुढची गोष्ट त्या सांगणार आहेत. लिहिता-वाचता फार येत नाही त्यांना. "एक गाव होतं, तिथं बायाईले रात्रीच्याले पानी भराले जायाचा नियम होता," अशी सुरुवात त्यांनी मनात ठरवून ठेवली आहे. पुढचं सांगत नाहीत, बैठकीत ऐका म्हणतात. आम्ही वाट पाहतो आहोत.

तुमच्या गावातही अशी एखादी गोष्ट कोणाच्या तरी मनात असेल. येत्या बैठकीत तिला अर्धा तास द्या. पुढच्या आठवड्यात याच वेळी पुन्हा भेटू, तेव्हा तूर आणि हरभऱ्याच्या डाळीच्या विक्रीबद्दल बोलायचं आहे.